सत्तावन्न सालचा ताप आणि गऊबाईंची इर्जिक

मला ताप आला आहे हे मला मातीनं सांगितलं.

सकाळची वेळ. भरे गावात एका घरी तापानं पडलेल्या म्हाताऱ्याच्या पोटावर ठेवायला मी माती कालवत होतो. चाळलेली काळी माती घ्यायची, थंड पाणी घालून लोण्यासारखी मऊ होईस्तोवर मळायची, पंच्यात गुंडाळून पोटावर ठेवायची, हे माझं रोजचं काम. त्या दिवशी हात वर काढले तर बोटांवरची माती बघता बघता पांढरी पडली आणि तडकली. पुन्हा हात बुडवले, पुन्हा तेच. आषाढातली हवा, दोरीवरचं धोतर दोन दोन दिवस वाळायचं नाही, आणि माझ्या हातावर माती वाळत होती. म्हाताऱ्याला पट्टी ठेवली, त्याच्या सुनेला लिंबूपाण्याचं सांगितलं आणि काही झालंच नाही अशा थाटात बाहेर पडलो. रस्त्यात मात्र भीतीनं पावलं भराभर पडायला लागली. 

मी राहत होतो गऊबाईंच्या पडवीत, चूल वेगळी मांडून. गऊबाई म्हणजे घरमालकीण, विधवा बाई, पन्नाशीला आलेल्या, बोलायला फटकळ. उंबऱ्यातूनच म्हणाल्या, "मास्तर, आज लवकर? आन त्वांड का असं चुलीम्होरं बसल्यागत लाल झालंय?"

"काही नाही मावशी. ऊन लागलं."

"ऊन? आवं, सूर्य बगून गावाला पंधरवडा झाला!" त्यांनी उलटा हात माझ्या मानेला लावला आणि झटकन काढला. "आला. तुमालाबी आला. आता तुमच्या प्वाटावर चिखल कोन थापनार?"

त्या हसल्या. मीही हसलो. मग पडवीत जाऊन घोंगडी पांघरली आणि भिंतीकडे तोंड करून रडलो.

हे सगळं आता मागं पडलं. मी चांगला आहे, दोन वेळा जेवतो, चढ चढतो. तरी लिहायला बसलो, कारण साथीत माणूस नुसता आजारी पडत नाही, एकटाही पडतो. तसं कुणी पडलं असेल तर त्याच्या उशाशी बसून बोलावं तसं हे सांगतो आहे. उपचारांचं पुस्तकी ज्ञान माझ्याजवळ नाही, तेव्हा ते सांगत नाही.

मातीमास्तर

माझं गाव वऱ्हाडात, यवतमाळकडं. वडील गेले आणि चौथीनंतर शाळा सुटली. आईनं शेतमजुरी करून आम्हाला वाढवलं. पुढं ओळखीच्या एका गृहस्थांनी मला निसर्गोपचाराच्या एका आश्रमात स्वयंपाकघरात पाणी भरायला लावून दिलं. पाणी भरता भरता मी बघत गेलो. मातीच्या पट्ट्या, ओल्या चादरीत रोग्याला गुंडाळणं, वाफारा, उपवास, नंतर हळूहळू फळांचा रस. तिथल्या गुरुजींनी मला हाताशी धरलं. त्यांची एक अट होती, कुठल्याही औषधाला हात लावायचा नाही. मी तसा शब्द दिला. मग त्यांनीच मला मुळशी तालुक्यात पाठवलं.

भरे गावानं पहिले काही महिने माझी मजा बघितली. दगड फोडायच्या वयाचा दांडगा माणूस लोकांच्या पोटावर चिखल लावत हिंडतो, यापेक्षा मोठी करमणूक गावात नव्हती. नाव पडलं मातीमास्तर. मास्तर म्हटलं की मला घाम फुटायचा. कुणी पोरगं पाटी घेऊन आलं आणि पाचवीचं गणित विचारलं तर काय करायचं, ही माझी रोजची काळजी. मी मुळातच काळजी करणारा माणूस. कुठलं दार वाजलं तरी आधी मला वाटतं, माझंच काहीतरी चुकलं.

साथ

मुंबईला गोदीत कामाला असलेला गावातला एकजण घरी आला आणि दुसऱ्या दिवशी आडवा झाला. मग त्याचं घर, मग आळी, मग गाव. शहरातून आलेले लोक फ्ल्यू म्हणायचे. म्हाताऱ्या माणसांनी मात्र ताप ऐकला, अंगदुखी ऐकली आणि एकमेकांकडं बघून म्हणाले, "मानमोडी आली." त्यांच्या तरुणपणी, अठरा साली, त्या साथीनं घरंच्या घरं रिकामी केली होती.

तसं यावेळी झालं नाही. बहुतेक माणसं चार-सहा दिवस फणफणली आणि उठली. पण उठली ती अशी की बादली उचलवेना. आणि वेळ कुठली, तर भाताच्या आवणीची. रोप वाफ्यात तयार, खाचरांत गुडघाभर चिखल, आणि लावायला माणसं नाहीत. रोप वेळेत उपटून लावलं नाही तर जून होतं, मग त्याला फुटवा येत नाही. भात गेला तर वर्षाचं खाणं गेलं.

तेव्हा गावातले जाणते दगडूआबा यांनी इर्जिकीच्या पाळ्या लावल्या. इर्जिक म्हणजे ज्याचं काम अडलंय त्यानं गावाला हाक मारायची, सगळ्यांनी एक दिवस त्याच्या शेतात फुकट राबायचं आणि त्यानं सगळ्यांना पोटभर जेवू घालायचं. पुढं ज्याच्या त्याच्या हाकेला आपणही जायचं. एरवी यात सवड असते. यंदा अर्धं गाव अंथरुणावर, म्हणून आबांनी सांगून टाकलं, घराला एकच इर्जिक. आवणी संपेस्तोवर दुसरी मागायची नाही.

मी त्या दिवसांत घरोघर हिंडत होतो. चिखल लावायला, हो, पण त्याहून जास्त पाणी पाजायला, अंथरुणं बदलायला, उलट्या पुसायला. गऊबाईंचा मुलगा शंकर आणि सून इंदू दोघंही तापले, त्यांनाही मीच ओल्या चादरीत गुंडाळलं. शंकर चिडायचा, "मास्तर, मी मानूस हाय का पानाचा इडा?" तो बरा झाला, पण हातापायातलं बळ गेलं होतं. गऊबाईंच्या खाचराची पाळी त्याच आठवड्यात येणार होती.

पडवी

पहिले दोन-तीन दिवस मी स्वतःला रोग्यासारखं नाही, शिष्यासारखं वागवलं. उपास केला. माती लावली. गुरुजी बघताहेत अशा थाटात शांत पडून राहिलो. नंतर शांतपणा संपला. अंगातलं हाडन् हाड वेगळं कुटल्यासारखं वाटत होतं, आणि छातीत उजव्या बाजूला श्वास घेताना सुरी लागत होती.

आजाऱ्याला काय वाटतं ते उशाशी बसलेल्या माणसाला कळत नाही. मला मरणाची भीती वाटत होती का? वाटत होती. पण त्याहून भीती होती ती परक्या घरात मरायची. पाहुण्यानं घरात घाण करून जावं तसं वाटत होतं. मी दर वेळी पाणी मागताना "माफ करा" म्हणायचो. शेवटी गऊबाई तांब्या आपटून म्हणाल्या, "आता पुन्यांदा माफी मागितली तर पानी डोस्क्यावर वतीन."

तापात मी वऱ्हाडी बोलायला लागलो म्हणे. "माय वं, पानी दे वं," असं. इंदूनं सासूला विचारलं, हे काय बोलतात? गऊबाई म्हणाल्या, "आईला बोलावतुया. त्यात न समजन्यागत काय हाय?" आणि त्या दिवसापासून त्यांचं तुमी-मास्तर संपलं. मी 'पोरा' झालो.

पडवीचं दार त्या लावू देत नसत. शिंतोडे आत यायचे, शंकर कुरकुरायचा, तरी उघडंच. एकदा मीच म्हटलं, मावशी, थंडी वाजते. तेव्हा त्यांनी माझ्या अंगावर स्वतःचं घोंगडं आणून टाकलं आणि खाली बसल्या.

"मानमोडीत मी येवढीशी व्हते," त्या म्हणाल्या. "घरात आई आन दोन भावंडं. कुनाला उठाया येईना. घागर कोरडी. मी उंबऱ्यात बसून वाटंकडं बगत व्हते. कुनीतरी येईल, पानी दील. कुनी आलं न्हाई. येनार कोन? सारं गावच आडवं पडल्यालं. कुनाचा दोस न्हाई त्यात. पर तवापास्नं मला लावल्यालं दार बगवत न्हाई."

मी घोंगडं हनुवटीपर्यंत ओढलं. बोलायला दम नव्हता. पण त्या बाईचं दार उघडं आहे तोवर आपण एकटे नाही, एवढं मला कळलं. आजाऱ्याच्या घरच्यांना मी आता हेच सांगतो. धीराचं भाषण करू नका. त्याला दिसाल असे बसा.

आज चिखल नाही

त्यांच्या इर्जिकीच्या सकाळी अंगणात माणसं जमली. पावसाची इरली पांघरलेली, पाय उघडे, बायकांनी लुगडी गुडघ्यावर खोचलेली. मला कुडाच्या फटीतून दिसत होतं आणि ऐकू येत होतं. त्या सकाळी माझ्या थुंकीत विटकरी रंग आला होता. तो गऊबाईंनी पाहिला, आणि त्या तशाच बाहेर गेल्या.

"आज चिखलात कुनी उतरू नगा," त्या म्हणाल्या.

"म्हंजी?" दगडूआबांचा आवाज.

"इर्जिक माझी हाय नव्हं? मंग काम म्या सांगायाचं. त्या पोराला पौडाला न्यायाचं. सरकारी दवाखान्यात."

एकदम गलका झाला. त्यात शंकरचा आवाज सगळ्यांवर. "आये, येड लागलं का? रोप जून व्हाया लागलंय! पुन्यांदा आपली पाळी न्हाई यायची. दोघं जन नेतील की त्याला."

"दोघं? आरं, ओढा बगितलास का? कुनाच्या पायात दोन पावलांचा दम हाय आज? पाळीपाळीनं खांदा द्याचा तर समदी लागतील."

"आन भात? वर्सभर खायाचं काय?"

गऊबाईंनी पडवीकडं बघितलं. मग म्हणाल्या, "रोप जून झालं तर झालं. आदी ह्या पोराला जून व्हवू दे."

 इर्जिकीचा एक नियम आहे, हाक मारणारा सांगेल ते काम, आलेल्यानं नाही म्हणायचं नसतं. दगडूआबांनी इरलं काढून कुडाला टेकवलं आणि म्हणाले, "बांबू आना."

घोंगड्याची झोळी केली, बांबूला बांधली आणि मला आत घातलं. चौघांनी खांद्यावर घेतलं. खांद्यावर गेलं की माणसाला भलतंच आठवतं. मलाच काय, वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकालाही तेच आठवत होतं. वाटेवरच्या शेतातली माणसं आम्हाला बघून चिखलात उभी राहत आणि हात जोडत. पहिल्यांदा कुणाला कळलं नाही. मग पुढचा खांदेकरी ओरडला, "आरं जित्ता हाय! जित्ता हाय!" मागचा म्हणाला, "पोरा, हात काढ भायेर, नायतर पौड येईस्तवर तुजं सुतक फिटंल!" मी झोळीतून हात बाहेर काढून हलवला. पुढं प्रत्येक वस्तीला तेच. माणसं हात जोडायची, हे ओरडायचे जित्ता हाय, आणि मी हात हलवायचो. छातीत सुरी चालत होती, आणि मला हसू येत होतं, आणि हसलं की सुरी आणखी खोल जात होती.

ओढ्याला पाणी कमरेएवढं होतं. सगळ्यांनी एकमेकांचे हात धरून साखळी केली आणि झोळी हातोहात पलीकडं दिली. त्यातले कितीतरी हात मी मागच्या पंधरवड्यात तापलेले धरले होते. अजून त्यांना कंप होता. तरी झोळीला पाणी लागलं नाही.

सुई

पौडचे डॉक्टर तरुण होते, पुण्याचे, डोळे झोप नसल्यानं सुजलेले. नळी छातीला लावून त्यांनी ऐकलं. "न्युमोनिया आहे. पेनिसिलीन द्यावं लागेल." मग माझ्याकडं वाकून म्हणाले, "तुम्ही निसर्गोपचारवाले ना? तुमची काही हरकत?"

होती. मी शब्द दिला होता. त्या क्षणी मला वाटलं, सगळं गाव, सगळा तालुका श्वास रोखून माझ्या उत्तराची वाट बघतो आहे. मातीमास्तर सुई टोचून घेतो की नाही! उद्या कोण माझ्याकडून माती लावून घेईल? गुरुजींना तोंड कसं दाखवू? मी डोळे मिटले.

झोळीमागं चालत आलेल्या गऊबाई डॉक्टरांना म्हणाल्या, "त्यो काय म्हनतुया?"

"अजून काही म्हणाले नाहीत."

"मंग टोचा की. त्याच्या गुर्जीला काय सांगायचं ते म्या सांगंन."

मी मान हलवली. स्वतःच्या इच्छेनं हलवली, हे इथं स्पष्ट लिहितो. ज्या माणसांनी आपला भात सोडून मला इथवर आणलं, त्यांच्यापुढं माझा शब्द मला फार लहान वाटला.

आणि गंमत म्हणजे तालुक्यानं श्वास बिस काही रोखलेला नव्हता. बरा होऊन गेलो तेव्हा एकानंही सुईचा विषय काढला नाही. सगळ्यांनी एकच विचारलं, "दवाखान्यात खायाला काय द्यायचे?" गुरुजी दिवाळीनंतर आले तेव्हा मीच धीर करून सांगितलं. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मग म्हणाले, "श्वास आता पुरा येतो?" मी म्हटलं येतो. "मग कामाला लाग." मी अजून माती लावतो. पण कुणाला श्वास घेताना दुखायला लागलं, की माती बाजूला ठेवून आधी पौडाला पाठवतो.

दवाखान्यातले दिवस

व्हरांड्यात लोखंडी खाटा. सकाळी सुया उकळायच्या भांड्याचा खडखडाट सुरू झाला की सगळी खोकणारी माणसं एकदम गप्प व्हायची. कंपाउंडर मोठ्या आवाजात विचारायचा, "आज कोण रडणार नाही?" मोठे मोठे बाप्ये हात वर करायचे आणि मग रडायचे.

माझ्या शेजारच्या खाटेवर पौडच्या बाजारातले किराणा दुकानदार इस्माईलभाई होते. पांढरी दाढी, बोलायची भारी हौस, आणि बोललं की खोकला. त्यांची बायको रोज डब्यातून तांदळाची पेज आणायची, आणि एकाऐवजी दोघांना पुरेल एवढी आणायची. पहिल्या दिवशी मी संकोचानं नको म्हटलं. इस्माईलभाई म्हणाले, "मास्तर, खा. न्हाईतर ही मला दोन्ही वाट्या पाजील, मी मरंन, आन पाप तुमाला." त्या पेजेत मीठ होतं. मी कित्येक वर्षं लोकांना मीठ सोडायला सांगत आलो. त्या दिवशी वाटी चाटली.

ताप उतरला तशी मला गऊबाईंच्या शेताची आठवण झाली. म्हटलं, आवणी झाली असेल. इस्माईलभाईंनी माझ्याकडं बघितलं. भरे गावची माणसं त्यांच्या दुकानावर यायची, आणि बायको डब्याबरोबर सगळी खबर आणायची.

"तुमाला कुनी सांगितलं न्हाई व्हय? त्या बाईचं खाचर तसंच हाय. इर्जिक तुमच्या झोळीत गेली ना."

मी उठून बसलो. डॉक्टर उठू नका म्हणाले होते. कुडाच्या फटीतून मी सगळं ऐकलं होतं, तरी तापाच्या गुंगीत मला वाटलं होतं की पुढं काहीतरी होईल, कुणीतरी लावेल. कोण लावणार होतं? शंकर आणि इंदू, अशक्त, दोघंच. आणि तेवढं खाचर.

त्याच आठवड्यात शंकर आला. माझं धुतलेलं धोतर घेऊन आला होता. खाटेच्या कडेला बसला आणि बराच वेळ नखातला चिखल काढत राहिला.

"राग आहे ना माझ्यावर?" मी विचारलं.

"तुमच्यावर न्हाई मास्तर. आईवर हाय. तीन दिस तिच्याशी बोललो न्हाई." मग म्हणाला, "बोललो न्हाई तरी भाकरी वाढतीयाच. मंग आनीकच राग येतुया."

"किती लावून झालं?"

"एक कोपरा. दम लागतुया. रोप अजून हप्ताभर धरंल. म्होरं न्हाई."

तो उठला. जाताना माझ्या पायावरचं पांघरूण नीट केलं. माझ्यावर राग नाही हे त्याच्या बोलण्यापेक्षा मला त्यावरून कळलं, आणि त्यानंच मला जास्त लागलं.

बिनशेताची हाक

चौथ्या दिवशी डॉक्टरांनी सोडलं, तेव्हा गावाकडं जाणाऱ्या एका बैलगाडीत बसून मी भरे गावात आलो. गऊबाईंकडं न जाता आधी दगडूआबांच्या दारात गेलो. ओट्यावर बसलो, कारण उभं राहवेना. मनात नेहमीचीच काळजी. आपण परके. आपण कोण मागणारे?

"आबा, मला इर्जिक घालायची आहे."

आबा तंबाखू मळत होते. हात थांबला. "काय घालायचंय?"

"इर्जिक. आवणीची."

"तुमचं श्यात कुटं हाय, मास्तर?"

"मावशींचं खाचर."

"तिची झाली. घराला एक. मीच सांगितलंय."

"त्यांच्या घराला झाली. मी पडवीत राहतो. माझी चूल वेगळी आहे. माझ्या चुलीची अजून झाली नाही."

हे मी कुठून बोललो मला ठाऊक नाही. बोललो आणि माझेच कान तापले. आबा मिशीतल्या मिशीत हसले, पण मान हलवली. "बिनश्याताच्या मान्सानं इर्जिक घातल्याली म्या ऐकली न्हाई. आज तुमी घातली, उद्या कुनीबी येईल."

आतून त्यांची बायको सखूबाई बाहेर आल्या. हाताला पीठ. "कुनीबी कुटनं येईल? ह्यानं तुमची वकारी पुसली तवा श्यात इचारलं व्हतं का? गावाच्या प्वाटावर चिखल लावलाय ह्यानं. आता गावाला ह्याच्या चिखलात उतराया काय झालं?"

"आगं, पर रीत..."

"रीत तुमीच लावली नव्हं? मंग तुमीच वाकवा."

आबांनी तंबाखू तोंडात टाकली. बराच वेळ चघळत राहिले. मी त्यांच्या जबड्याकडं बघत होतो. शेवटी पिंक टाकून म्हणाले, "जेवान कोन घालनार?"

"मी."

"ते तुमचं बिनमिठाचं उकडल्यालं न्हाई चालायचं. सांगून ठिवतो. मानसं चिखलातनं थेट तुमच्या नरड्याला येतील."

गोळाभात

हाक द्यायला मी स्वतः घरोघर गेलो. काठी टेकत, दर दोन घरांनी बसत. कुणी येईल की नाही या काळजीनं आदल्या दिवशी मला अन्न गेलं नाही.

सकाळी पहिला आला तो शंकर. म्हणाला, "आमचंच श्यात, पर आज मी तुमच्या बोलावन्यानं आलुया. जेवान द्या म्हंजी झालं." मग इरली यायला लागली. दोन, चार, मग मोजायचं सोडून दिलं. जे झोळीला खांदा द्यायला होते ते होते, आणि जे तेव्हा अंथरुणावर होते तेही होते. इस्माईलभाईंनी पौडाहून बेसनाची पुडी आणि तिखट पाठवलं होतं. सोबत निरोप, खोकला थांबला असता तर मी पण आलो असतो.

मी गऊबाईंच्या अंगणात तीन दगडांची चूल मांडली. आमच्या वऱ्हाडात आई करते तसा गोळाभात करायचा ठरवलं. बेसनाचे तिखट गोळे भातात शिजवायचे आणि वरून कढत फोडणीचं तेल. गऊबाई दोनदा मदतीला उठल्या, दोनदा मी त्यांना बसवलं.

"आज तुम्ही पाहुण्या, मावशी."

"माझ्याच अंगनात?"

"अंगण तुमचं, इर्जिक माझी. मग मी सांगेन तसं."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. तोंडात काहीतरी फटकळ आलेलं दिसलं, पण त्यांनी ते गिळलं आणि उंबऱ्यात जाऊन बसल्या. तिथून त्यांचं खाचर दिसतं. दुपारी डोळ्यांना पदर लावून बसलेल्या होत्या. मी विचारलं, धूर लागला का? म्हणाल्या, "व्हय. तुला फुकनी धराया येत न्हाई."

दुपारपर्यंत खाचर हिरवं झालं. माणसं हात धुऊन पंगतीला बसली. पहिला घास घेतला आणि सखूबाई ओरडल्या, "आगं बया, मास्तरानं मीठ घातलंय!" पंगत फुटली हसून. कुणीतरी म्हणालं, न्युमोनियानं डोकं सुधारलं. आबांनी तिसऱ्यांदा गोळा मागितला. मी वाढत होतो, आणि पहिल्यांदाच मला आपलं काही चुकलं असं वाटलं नाही.

खरं सांगायचं तर मी तब्येत सुधारली की घरी जायचं ठरवलं होतं. एवढं मोठं दुखणं काढलं, आता आईजवळ जावं. पण जेवून उठणारा प्रत्येकजण हात पुसत मला आपल्या इर्जिकीचा दिवस सांगू लागला. "मास्तर, आमच्यात आयतवारी." "आमच्यात पुडल्या सालाला पैल्यांदा, आं?" हाक मारली की हाकेला जावं लागतं, हे मी विसरलोच होतो. आईला निरोप पाठवला की थोडं काम लागलं आहे. पुढच्या उन्हाळ्यात ती स्वतःच आली, माझं काम काय आहे ते बघायला, आणि गऊबाईंशी दोन दिवसांत तिचं भांडूनही झालं.

त्या पावसाळ्यात चिखलात मला उभं राहवेना. बायकांनी बांधावर बसवलं आणि रोपांच्या मुठी सोडायला दिल्या. दुसऱ्या वर्षी उतरलो. आता दर आषाढात उतरतो, ज्याच्या त्याच्या शेतात. मला सरळ ओळ येत नाही. गऊबाई अजून बांधावरून ओरडतात की ही आवणी हाय का गाईची वाट. पण रोप धरतं.